मदत हवी आहे: राखणदाराची हद्द कशी आखू?

डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) या भूमिका घेऊन खेळायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीत पहिल्या लेव्हलचा वॉरलॉक (कुणा शक्तीशी करार करून जादू मिळवणारं पात्र) बनवतेय. पॅट्रन, म्हणजे जादू देणारी ती शक्ती, म्हणून गावाचा राखणदार देव घेतलाय. कल्पना सिंधुदुर्गातल्या आरवलीच्या वेतोबावरून: रात्री गस्त घालून चपला झिजतात अशी श्रद्धा, म्हणून भक्त त्याला चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. स्पेल स्लॉट (मंत्र टाकायची संधी) एकच, शॉर्ट रेस्टनंतर (खेळातल्या छोट्या विश्रांतीनंतर) परत मिळणारा. त्यावर माझा नियम: स्लॉट ३ वेळा वापरला की चपलेचा तळ फाटतो, नवा जोड वाहीपर्यंत स्लॉट बंद.

अडतंय शिवेपाशी. पात्रं गावाबाहेर पडली की राखणदार निरुपयोगी. सगळीकडे येऊ दिला तर राखणदारपणच उरत नाही. शिवाय दुसऱ्या खेळाडूने रचलेल्या कथेत, राखणदार राखतो त्याच रानाला एक मालकीण आहे. दोघांना कसं बसवाल? भांडण लावून त्याला खलनायक करायचा नाही, देव आहे तो.