शब्दचर्चा : अफेजियाला ‘वाचा जाणे’ म्हणावं का?

रत्नदुर्ग : पक्षाघाताच्या रुग्णांच्या घरच्यांसाठी कुडाळ-सावंतवाडीकडे वाटायचं पत्रक मराठीत करतोय. मूळ मजकुरात अफेजिया (भाषाच बिघडणे) आणि डिसार्थ्रिया (उच्चार बिघडणे) हे दोन वेगळे विकार आहेत. पहिल्याला ‘वाचाघात’ आणि दुसऱ्याला ‘बोबडेपणा’ लिहिलं होतं. तपासणाऱ्यांनी दोन्ही खोडून दोन्हीकडे ‘वाचा जाणे’ केलं. काय ठेवावं?

सुरंगी : दोन्हीकडे एकच शब्द? मग पत्रक कशाला! डिसार्थ्रियात भाषा शाबूत असते. ओठ, जीभ, टाळू, स्वरयंत्र यांचे स्नायू दुबळे किंवा बेताल होतात, म्हणून वाक्य बरोबर असूनही उच्चार लडबडतो, आवाज नाकातून येतो. अफेजियात शब्दच सापडत नाही, किंवा मीठ म्हणायचं तिथे साखर येते. ढोबळ फरक बघायचा तर नाव-गाव लिहायला सांगा. बोलणं अस्पष्ट पण लिखाण नीट, तर डिसार्थ्रिया. लिखाणातही शब्द चुकले, तर अफेजियाचा संशय. उजवा हात गेला असेल तर डाव्याने लिहू द्या. अर्थात, हे लिहिता येणाऱ्यालाच.

खाजण : ‘बोबडेपणा’ नकोच. बोबडं पोर बोलतं आणि बोबडी भीतीने वळते. सरळ ‘जीभ जड होणे’ लिहा. ‘वाचा जाणे’ तर मुळीच नको. ते ऐकलं की आधी देवाला गाऱ्हाणं घालणारी घरं आहेत. मेंदूतल्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांत द्यायचं असतं, ती वेळ तिथेच सरते.

वाग्विलास : ‘वाचाघात’ही फसवा. वाचा म्हणजे नुसतं बोलणं. अफेजियात वाचणं, लिहिणं, समजणं सगळंच कमीजास्त बिघडतं. ‘भाषालोप’ म्हणा.

सुरंगी : लोप कसला? जर्मन डॉक्टर वेर्निकेने १८७४ साली वर्णन केलेल्या प्रकारात माणूस घडाघडा बोलतो, फक्त त्याचा अर्थ लागत नाही. आणि बायकोचं नाव न आठवणारा अख्खी आरती म्हणून दाखवू शकतो, कारण पाठ झालेलं बोलणं पुष्कळदा शाबूत राहतं. ‘सोंग करतो’ असं घरचे म्हणतात ते इथेच. ही ओळ ठळक छापा, नाव काहीही द्या.

खाजण : नावाचं भांडण जुनंच आहे. फ्रेंच डॉक्टर ब्रोकाने १८६१ मध्ये या विकाराला ‘अफेमिया’ म्हटलं. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ बदनामी होतो म्हणून ट्रूसो या दुसऱ्या फ्रेंच डॉक्टरने १८६४ मध्ये ‘अफेजिया’ आणला. मराठीने बीपी, शुगर पचवली, हा शब्दही पचेल.

वाग्विलास : पचवत बसा. पुढच्या पिढीला मराठीतच अफेजिया होईल.

तारकर्ली : अफेजिया तपासताना चित्रं दाखवून नावं विचारतात, त्या चाचणीचंही बघा. चित्रातल्या केरसुणीला मालवणी म्हातारी ‘वाढवण’ म्हणते, विळीला ‘आडाळो’. तपासणारा घाटावरचा असला की चूक धरून गुण कापतो. घरात कशाला काय म्हणतात ते आधी नातेवाइकांकडून लिहून घ्यावं. ‘माका व्हया’ (मला हवं) म्हणजे व्याकरण बिघडलं असं नव्हे. प्रत्यय आणि क्रियापदं गळून ‘मी... पाणी... विहीर’ एवढंच उरलं, तर ते लक्षण.

वाग्विलास : ‘वाढवण’ हे ‘नारळ वाढवणे’ मधलंच. केरसुणी म्हणजे लक्ष्मी, तिच्या नावात झाडणं कसं येईल?

तारकर्ली : ओढूनताणून. संस्कृतात ‘वर्धनी’ म्हणजे केरसुणीच.

रत्नदुर्ग : ‘जीभ जड होणे’ घेतलं. अफेजियाचं काय?

वाग्विलास : मग संस्कृतवाल्यांनी तरी तिला वर्धनी का म्हटलं, ते सांगा ना.