आधी ड्रेनेज की आधी पाण्याची लाइन? समाविष्ट गावांसाठी सूचना हव्यात

ओढ्याकाठ (धागाकर्ता)

२०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावं पुणे महापालिकेत आली. त्यांतल्या एका भागासाठी पाणी, ड्रेनेज आणि भूजल या तिन्हींच्या सूचना एकाच कागदावर लिहून द्यायच्या आहेत. एरवी पाण्याच्या लाइनचा नकाशा एका खात्याकडे, ड्रेनेजचा दुसऱ्याकडे, आणि बोअर-विहिरींचा कुणाकडेच नाही, अशी गत असते.

हिशेबासाठी धरलेला नमुना: क्षेत्र २०० हेक्टर, वस्ती आज १० हजार, तीस वर्षांनी ४० हजार. उतार ओढ्याकडे. वर दोन-तीन मीटर मुरूम, खाली काळा कातळ. पाणी दिवसाआड, बाकीची गरज बोअर आणि टँकरवर. जुन्या घरांना सेप्टिक टँक आणि शोषखड्डे, नव्या सोसायट्यांना स्वतःचे एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण केंद्रं (चालवतात तेव्हा).

कच्चा हिशेब: माणशी १३५ लिटरने ४० हजारांना रोज ५४ लाख लिटर. १५ टक्के गळती धरली तर वरून साधारण ६४ लाख सोडावे लागतील. टाकी एक तृतीयांश दिवसाची, म्हणजे २१ लाखांची. मैलापाणी ८० टक्क्यांनी ४३.२ लाख लिटर.

मुख्य ड्रेनेज लाइन किती व्यासाची मागायची? रस्ता एकदाच खोदायचा तर आधी काय टाकायचं? आणि इथलं भूजल आता वाचवण्यासारखं उरलंय का, की ते सोडून द्यायचं?

चेंबर_झाकण

आकडे बरोबर. मैलापाणी तुम्ही गरजेवरून काढलंत हे फार बरं केलंत. पुष्कळ अंदाजपत्रकांत ते महापालिका जेवढं पाणी देते त्याच्या ८० टक्के धरतात. टँकरचं आणि बोअरचं पाणीही शेवटी संडास-मोरीतूनच जातं, ते हिशेबातून सुटतं आणि लाइन पहिल्या दिवसापासून अपुरी पडते.

आता व्यास. २० ते ५० हजार वस्तीला पीक फॅक्टर (सर्वाधिक वापराच्या वेळी सरासरीच्या किती पट पाणी येतं तो आकडा) २.५. म्हणजे ४३.२ लाख गुणिले २.५, सेकंदाला १२५ लिटर. जमिनीतून झिरपणारं पाणी हेक्टरी रोज किमान ५,००० लिटर धरा, त्याचे आणखी ११-१२ लिटर. एकूण १३७ च्या आसपास. ३०० ला १ उतारावर ४०० मिमीची लाइन पूर्ण भरून १२० लिटर नेते, म्हणजे ती बाद. ४५० मिमी पूर्ण भरून १६५, आणि आपण ८० टक्के खोलीपर्यंतच भरू द्यायची, तरी १६० नेते. ४५० मागा.

खरी मारामारी उताराची होणार. ३०० मीटर लांबीत ३०० ला १ म्हणजे एक मीटर उतरायचं, आणि तेही कातळात ब्रेकर लावून. म्हणून हमखास सुचवलं जातं, "पाइप मोठा घेऊ, उतार कमी करू." ६०० मिमी, १००० ला १. कागदावर झकास दिसतं, क्षमता १९४ लिटर. पण आजच्या १० हजार वस्तीचा पीक (इथे फॅक्टर ३) फक्त ३७ लिटर आहे. एवढ्या पाण्याला त्या मोठ्या पाइपात वेग मिळतो सेकंदाला ०.५३ मीटर. गाळ वाहून जायला सुरुवातीच्या वर्षांतही पीकला किमान ०.६ हवा. तेच ३७ लिटर ४५० मिमीत, ३०० ला १ उतारावर ०.८ च्या पुढे वेगाने जातात. मोठा पाइप म्हणजे सुरक्षित पाइप नव्हे, पहिली दहा वर्षं तो गाळाची टाकी असतो. सक्शन-जेटिंगची (गाळ ओढून लाइन धुणारी) गाडी दर दोन महिन्यांनी येणार असेल तर गोष्ट वेगळी.

सांधे रबर रिंगचेच लिहून घ्या, सिमेंटने भरलेले नकोत. चेंबर सरळ रस्त्यात ३० मीटरवर आणि प्रत्येक वळणावर, उतार बदलेल तिथे. चेंबरच्या तळाला पन्हळ (बेंचिंग) नसली तर मैला तिथेच बसतो. हे काम शेवटच्या आठवड्यात उरकतात, म्हणून मोजमाप पुस्तिकेत नोंद होण्याआधी झाकण उघडून बघायला लावा.

आणि ओढ्याच्या पात्रातून लाइन नको म्हणजे नको. पुण्यात उताराच्या सोयीसाठी हे वर्षानुवर्षं झालंय. पावसात ओढा झाकणावरून वाहतो, चेंबरात शिरतो, पुढे एसटीपीला चौपट पाणी येतं आणि मग तिथे गेट उघडून सगळं नदीत. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेला पूर आठवा. काठाने, पूररेषेच्या वरून न्या. ओलांडायचंच असेल तर काँक्रीटच्या आवरणात, आणि दोन्ही काठांवर बोल्टने बंद होणारी झाकणं.

उलटा_व्हॉल्व्ह

वरच्या प्रतिसादाला +१, पण पाण्याच्या बाजूचं कुणीच बोललं नाही.

खडकवासला साखळीतली चारही धरणं मिळून २९.१५ टीएमसी (अब्ज घनफूट) साठा. त्यातच शहर, त्यातच दौंड-इंदापूरचं आवर्तन. तेव्हा "आणखी पाणी द्या" या मागणीला फार जागा नाही. गळती शोधणं हाच नवा स्रोत. समान पाणीपुरवठा योजनेत शहराचे झोन पाडले, मीटर बसवले ते याचसाठी. तुमच्या भागालाही वेगळा झोन, आत येणारी एकच लाइन आणि तिच्यावर मोठा मीटर, एवढं मागा.

झोन खरोखर बंद आहे का हे तपासायची रीत सोपी आहे. पहाटे २ ते ४ मध्ये सीमेवरचे सगळे व्हॉल्व्ह बंद करायचे, मग आत येणारी लाइन बंद, आणि आतल्या चार-पाच नळांवर दाबमापक लावून बघायचं. दाब शून्यावर आला पाहिजे. नाही आला तर कुठेतरी नकाशात नसलेली जोडणी आहे. जुन्या ग्रामपंचायतींच्या लाइनींमध्ये ती असतेच.

त्यानंतर रात्रीचा प्रवाह. पहाटे ३ वाजता सेकंदाला १० लिटर जात असतील तर दिवसाचे ८ लाख ६४ हजार, आणि ती सगळी गळती असं उत्तर येतं. पुण्यात हे उत्तर जवळपास नेहमी चुकतं, कारण सोसायट्यांचे संप (जमिनीखालच्या टाक्या) रात्री भरतात. २०० फ्लॅटच्या सोसायटीचा संप एकटाच ३-४ लिटर ओढू शकतो. म्हणून त्या रात्री मोठ्या संपांचे इनलेट बंद ठेवायचे किंवा त्यांच्या मीटरची दर तासाची नोंद घेऊन ती वजा करायची. नाहीतर गळती नसलेल्या रस्त्यावर आठवडाभर खोदत बसाल.

दिवसाआड पाण्याचा धोका पाण्याच्या कमतरतेपेक्षा वेगळा आहे. पाणी बंद झालं की उतारावरच्या लाइनीत पोकळी होते आणि ती सांध्यांतून, गंजलेल्या जोडण्यांतून बाहेरचं आत ओढते. मुख्य लाइन सहसा दोषी नसते. दोषी असतात घरांच्या अर्धा-पाऊण इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) जोडण्या, पन्नास जणांची जुडी करून गटारातून किंवा थेट ड्रेनेजच्या चेंबरातून नेलेल्या. नवी मुख्य लाइन टाकली आणि जुनी जुडी तशीच नव्या फेरूलला (मुख्य लाइनवरच्या जोडणीच्या तोटीला) जोडली तर पैसे पाण्यात, शब्दशः. अंदाजपत्रकात फेरूलपासून मीटरपर्यंत मध्ये सांधा नसलेला अखंड एमडीपीई (प्लास्टिकचा) पाइप, आणि जुनी जोडणी मुळापासून तोडून बूच मारणं, अशा दोन वेगळ्या ओळी असल्याच पाहिजेत. दुसरी ओळ बहुतेक वेळा गायब असते.

अंतर: पाण्याची लाइन आणि ड्रेनेज यांच्यात आडवं ३ मीटर. गावठाणात तेवढा रस्ताच नसतो, तिथे वेगळा चर आणि पाण्याच्या लाइनचा तळ ड्रेनेजच्या माथ्यापासून निदान अर्धा मीटर वर. शेवटच्या नळाला क्लोरीन लिटरला ०.२ मिलिग्रॅमच्या खाली नको, टाकीवरचं रीडिंग दाखवलं तर ऐकून घेऊ नका.

खडक_पाहणारी

भूजल सोडून द्यायचं की नाही, याचं उत्तर आधी आकड्यात. वर्षाचा पाऊस ७०० मिमी धरा. २०० हेक्टरवर १४ लाख घनमीटर पडतो. झिजलेल्या बेसाल्टमध्ये त्यातला साधारण ७ टक्के मुरतो: ९८ हजार घनमीटर, म्हणजे रोजचे २.७ लाख लिटर. काँक्रीट वाढेल तसं तेही कमी. आजच्या १० हजार वस्तीच्या गरजेचा हा पाचवा हिस्सा, तीस वर्षांनंतरच्या गरजेचा विसावा. त्या भागात २०० बोअर असतील आणि प्रत्येकी रोज ५,००० लिटर उपसत असतील तर १० लाख झाले. मुरतंय त्याच्या जवळपास चौपट. मग बोअर आटत का नाहीत? काही आटतात, काही शेजाऱ्याच्या हद्दीतलं ओढतात, आणि उरलेल्यांना गळक्या लाइनी आणि शोषखड्डे पाणी पुरवतात. "आमच्या बोअरला उन्हाळ्यातही पाणी" हे ऐकलं की आधी नायट्रेट (मैल्यातून पाण्यात उतरणारा क्षार) तपासावं.

तपासणी मे महिन्यात आणि ऑक्टोबरमध्ये, दोन्ही वेळा. नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम, ई. कोलाय (मैल्यातला जंतू) १०० मिलीत शून्य. नायट्रेट जास्त आणि ऑक्टोबरमध्ये ई. कोलायही, तर वरचा थर मैल्याशी जोडलेला आहे असं समजा. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी भागात जीबीएसचे (गुलेन बॅरी सिंड्रोम या नसांच्या आजाराचे) रुग्ण वाढले, काहींच्या शौचनमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर आणि नोरोव्हायरस हे दूषित पाण्यातूनही पसरणारे जंतू सापडले. तेव्हापासून विहिरीच्या पाण्याचं क्लोरिनेशन हा विषय निदान बोलला तरी जातो.

शोषखड्डा विहिरीपासून १८ मीटर लांब हा नियम सगळे सांगतात. तो मातीसाठी आहे. माती गाळते, कातळातली भेग गाळत नाही. दोन-तीन मीटर मुरमाखाली उभ्या भेगांचा थर असेल तर मैलापाणी आडवं पन्नास-शंभर मीटर सहज जातं, आणि कुठल्या बाजूला ते भेगा ठरवतात, जमिनीचा उतार नव्हे. त्यामुळे इथे भूजलसंरक्षण म्हणजे आधी ड्रेनेज.

बोअरच्या बाबतीत खरा दोष केसिंगमध्ये (बोअरच्या वरच्या भागात बसवलेल्या पाइपात) असतो. मुरूम संपेपर्यंत पाइप उतरवतात, कातळाच्या डोक्यावर टेकवतात आणि बाहेरची फट तशीच. वरच्या थराचं घाण पाणी त्या फटीतून सरळ खोल थरात. केसिंग घट्ट कातळात निदान एक-दोन मीटर बसवून बाहेरची फट सिमेंटच्या पातळ गाऱ्याने (५० किलोच्या पोत्याला साधारण २५ लिटर पाणी) खालून वर भरायला हवी. वरून ओतलं तर मध्येच अडकतं आणि खाली पोकळी राहते. कोरडे पडलेले बोअर उघडे टाकू नका, तेही असेच बंद करा. एक उघडा बोअर म्हणजे खोल थरात थेट नरसाळं.

पुनर्भरण फक्त छताच्या पाण्याचं. १०० चौरस मीटर छतावरून वर्षाला ५५ हजार लिटर मिळतात. पार्किंगचं आणि रस्त्याचं पाणी बोअरमध्ये सोडलेलं दिसलं की ते आधी बंद करा, त्यात तेल असतं आणि पावसात तुंबलेलं ड्रेनेजही.

ओढ्याकाठ

ताई, छान समजावलंत. पण क्रमाचा प्रश्न राहिलाच. पैसे टप्प्याटप्प्याने मिळतात आणि लोक आधी पाणीच मागतात. ड्रेनेज आधी म्हटलं तर सभेत ऐकून घेणार नाहीत.

चेंबर_झाकण

सभेत "ड्रेनेज आधी" म्हणूच नका, "चर एकदाच" म्हणा. खोल काम आधी, एवढंच कारण पुरे. पाण्याची लाइन मीटरभर मातीखाली टाकली आणि वर्षाने तिच्या शेजारी अडीच मीटरवर ब्रेकर चालवला तर चर ढासळतो, वरच्या पाइपाचा सांधा निसटतो. म्हणून प्रत्येक रस्त्यावर ड्रेनेज, मग पावसाळी गटार, मग पाणी, मग घरजोडण्या, आणि डांबर सगळ्यात शेवटी. भराव २०-२० सेंटीमीटरच्या थरात दाबून, पाइपाभोवती बारीक मुरूम. फोडलेल्या कातळाचे धोंडे परत चरात लोटले की पाइप त्यांच्यावर टेकतो आणि पहिल्या डंपरला तडकतो.

एक अट मात्र अजिबात सोडू नका. ड्रेनेज खालच्या टोकापासून वर टाकत यायचं. वरून सुरुवात झाली आणि निधी संपला की खालचं तोंड "तात्पुरतं" ओढ्यात सोडतात. जपानच्या जिका संस्थेच्या कर्जावरच्या प्रकल्पातल्या ३९६ एमएलडीच्या (रोज ३९ कोटी ६० लाख लिटर) ११ सांडपाणी केंद्रांचं आपण कौतुक ऐकतो, पण तिथे पोचणारी लाइनच नसेल तर त्या क्षमतेचा तुमच्या ओढ्याला उपयोग शून्य. मुख्य वाहिनीला जोड मिळाल्याशिवाय एकही घरजोडणी द्यायची नाही, हे वाक्य जसंच्या तसं लिहा.

उलटा_व्हॉल्व्ह

सहमत, फक्त गावठाणातल्या जोडण्यांच्या जुड्या क्रमाची वाट न बघता आत्ताच बदलून घ्या. त्याला मोठा चर लागत नाही, आणि ड्रेनेजच्या चेंबरातून जाणारी पाण्याची नळी तीन वर्षं तशी ठेवता येत नाही.

खडक_पाहणारी

आणि तोवर जे बोअर पिण्याला वापरतात त्यांच्यासाठी: ६ इंची बोअरमध्ये मीटरला साधारण १८ लिटर पाणी असतं. पाण्याचा उभा स्तंभ ६० मीटर असेल तर १,०८० लिटर. लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीनच्या मात्रेला ३३ टक्क्यांची ताजी ब्लीचिंग पावडर १६५ ग्रॅम, उघड्या पोत्यातली जुनी असेल तर सव्वादोनशे. बादलीत कालवून निवळ तेवढीच ओतायची, साका नाही. रात्रभर ठेवून वास जाईपर्यंत उपसायचं. हे एकदा केल्याने बोअर धुतला जातो, स्रोत नाही. पुढच्या पावसानंतर परत ई. कोलाय आला तर तो बोअर पिण्याच्या यादीतून काढा आणि संडासाच्या फ्लशला, बागेला वापरा, वेगळ्या टाकीतून आणि वेगळ्या रंगाच्या पाइपने.