शब्दचर्चा : ‘प्रजासत्ताक दिन’ म्हणावं की ‘गणराज्य दिन’?

नाशिकला शालिमारजवळ माझं डीटीपी आणि फ्लेक्सचं छोटं दुकान आहे. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आम्हाला डोकं वर काढायला सवड नसते. यंदा एका शाळेच्या मुख्याध्यापिका बाई दहा बाय सहाच्या फ्लेक्सचा मजकूर घेऊन आल्या. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : ‘गणराज्य दिनाच्या हार्दिक शुभेच्छा’. मी म्हटलं, बाई, ‘प्रजासत्ताक’ ना? त्या म्हणाल्या, “नाही. प्रजा राजाची असते. आपल्याला राजा नाही, मग मुलांना प्रजा का म्हणायचं? आणि संविधानाची उद्देशिका काढून बघा, तिथे कोणता शब्द आहे.”

मी काढून बघितली. मराठी उद्देशिकेत ‘लोकशाही गणराज्य घडविण्याचा’ असंच आहे. ‘प्रजासत्ताक’ हा शब्द तिथे नाही. वीस वर्षं हा धंदा करतोय, दर जानेवारीत उद्देशिका छापतो आणि तिच्याच वर ‘प्रजासत्ताक दिन’ छापतो. हा फरक कधी डोळ्यांत भरला नव्हता. तेव्हापासून चैन नाही. शासनाच्या मराठी पत्रकांत, शाळेच्या परिपाठात, वर्तमानपत्रांत सगळीकडे ‘प्रजासत्ताक दिन’ आणि मूळ दस्तऐवजात ‘गणराज्य’, असं का? आणि बाईंचा ‘प्रजा’ शब्दावरचा आक्षेप बरोबर आहे का? जाणकारांनी सांगावं. फ्लेक्स 25 तारखेला रात्रीपर्यंत द्यायचा आहे.

नाशिकरोडहून

दादा, माझी अख्खी नोकरी सिक्युरिटी प्रेसमध्ये झाली. आपल्या पासपोर्टच्या कव्हरवर काय छापलेलं असतं ते बघा : ‘भारत गणराज्य’. ती पुस्तकं आपल्याच गावात तयार होतात. हातातून इतकी गेली, तरी मला कधी वाटलं नाही की हा ‘प्रजासत्ताक’पेक्षा वेगळा शब्द आहे. हिंदीत 26 जानेवारी म्हणजे ‘गणतंत्र दिवस’, पण तिथेही संविधानात ‘गणराज्य’च आहे. म्हणजे दिवसाचं नाव एक आणि राज्याचं नाव दुसरं, ही गत हिंदीचीही आहे. मराठी एकटी नाही.

एक जुनी आठवण सांगतो, शब्दाशी तिचा थेट संबंध नाही. 26 जानेवारी 1950 ला चार टपाल तिकिटं निघाली होती : दोन आणे, साडेतीन आणे, चार आणे आणि बारा आणे. पहिल्यावर आनंद करणारी गर्दी, दुसऱ्यावर दौत आणि लेखणी, तिसऱ्यावर कणीस आणि नांगर, चौथ्यावर चरखा. प्रजासत्ताक म्हणजे काय हे त्या चार चित्रांनी जितकं सांगितलं, तितकं मला पुढे कुठल्या भाषणात सापडलं नाही.

पंचवटीहून, संस्कृतच्या निवृत्त शिक्षिका

प्रश्न चांगला आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

‘प्रजा’चा मूळ अर्थ संतती. ‘प्र’ आणि ‘जन्’ मिळून झालेला शब्द, जन्माला आलेले ते. ‘प्रजोत्पादन’ म्हणतो तेव्हा तोच जुना अर्थ बोलतो. पुढे राजाला बापाच्या जागी मानलं गेलं आणि त्याचे लोक त्याची ‘प्रजा’ झाले. तेव्हा मुख्याध्यापिका बाईंचा आक्षेप निराधार नाही. ‘यथा राजा तथा प्रजा’ म्हणताना आपण याच अर्थाने म्हणतो.

पण समास सोडवा. ‘प्रजेची सत्ता ज्यात आहे ते’ हा बहुव्रीही आहे आणि शेवटचा ‘क’ त्या समासाचा प्रत्यय आहे, ‘सपत्नीक’, ‘निरर्थक’मधल्यासारखा. म्हणजे ‘प्रजासत्ताक’ हे मुळात विशेषण. पूर्ण रूप ‘प्रजासत्ताक राज्य’. ‘दैनिक’ म्हटलं की ‘वृत्तपत्र’ म्हणावं लागत नाही, तसं इथे ‘राज्य’ गळून पडलं आणि विशेषणाचं नाम झालं. समासाचा जोर ‘सत्ता’वर आहे, ‘प्रजे’वर नाही. जी कालपर्यंत प्रजा होती तिच्या हाती सत्ता आली, हे या शब्दात जसंच्या तसं उमटलंय. ‘गणराज्य’ शब्दात हा उलटफेर नाही. तिथे आधीपासूनच गणाचं राज्य आहे, कुणाकडून काही घ्यावं लागलं याची खूण नाही. मला म्हणूनच ‘प्रजासत्ताक’ जास्त खरा वाटतो.

गंमत ‘सत्ता’ची आहे. संस्कृतात सत्ता म्हणजे अस्तित्व, असण्याचा भाव. वेदान्तात ‘पारमार्थिक सत्ता’ म्हणतात ती ही. अधिकार, हुकमत हा अर्थ मराठीत ठसला.

आता ‘गण’. प्राचीन भारतात वज्जी, मल्ल, शाक्य यांच्या राज्यांत एक वंशपरंपरागत सम्राट नव्हता, सभा होती. यौधेयांच्या नाण्यांवर ‘यौधेयगणस्य जय’ असा मजकूर मिळतो, राजाचा नव्हे, गणाचा जय. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अशा संघांसाठी एक संपूर्ण अधिकरण, म्हणजे ग्रंथाचा विभाग, आहे. डॉ. आंबेडकरांनीही 25 नोव्हेंबर 1949 च्या संविधान सभेतल्या भाषणात सांगितलं होतं की भारताला एकेकाळी गणराज्यं आणि सभापद्धती माहीत होत्या, बौद्ध भिक्षुसंघाचे नियम त्याचा पुरावा आहेत. म्हणजे ‘गणराज्य’ शब्दाला इतिहास आहे. मात्र त्या गणांत सत्ता बहुधा क्षत्रिय कुळांपुरती होती. दास, कारागीर, स्त्रिया त्या सभेत बसत नव्हत्या. आपलं 1950 चं राज्य तसं नाही, पहिल्या दिवसापासून प्रत्येक प्रौढाला मत आहे.

आणखी एक. आक्षेप राजाच्या सावलीवरच असेल तर ‘राज्य’ शब्दही ‘राजन्’वरूनच आला. ‘गणराज्य’ म्हटल्याने राजा शब्दातून जात नाही.

येवल्याहून

बाई, तुमची फोड पटली, तरी माझं मन ‘लोकसत्ताक’कडे ओढतं. आमच्या तालुक्यात 13 ऑक्टोबर 1935 ला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. तुमच्या नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह 2 मार्च 1930 ला सुरू झाला. त्याच वर्षी 26 जानेवारीला देशभर पूर्ण स्वराज्याची प्रतिज्ञा घेतली गेली होती. एकीकडे स्वराज्याची शपथ आणि पाच आठवड्यांनी देवळाच्या दारात उभं राहून आत येऊ द्या म्हणायची वेळ. त्या दारात उभी असलेली माणसं कुणाची प्रजा होती? ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ‘प्रजा’ याहूनही खालची जागा होती, त्यांना ‘लोक’ हा शब्द मोकळा वाटतो. उद्देशिकाही ‘आम्ही, भारताचे लोक’ अशीच सुरू होते. ‘आम्ही, भारताची प्रजा’ असं तिथे नाही.

एक निरीक्षण सांगते. आमच्या वस्तीत इंग्रजी शब्दच मराठी होऊन बसलाय : रिपब्लिकन. पक्ष 3 ऑक्टोबर 1957 ला नागपूरला स्थापन झाला. नाशिकचे दादासाहेब गायकवाड त्याच्या मोठ्या नेत्यांपैकी. माझी आजी निरक्षर होती, पण ‘आपण रिपब्लिकन’ हे ठसक्यात म्हणायची. ‘प्रजासत्ताक पक्ष’ असं कुणी भाषांतर केलं नाही, आणि बरं झालं.

शालिमार, मूळ प्रश्नकर्ता

ताई, हे वाचून मी बराच वेळ गप्प बसलो. काळाराम मंदिर माझ्या दुकानापासून काही फार लांब नाही. शेकडो वेळा त्या बोळातून गेलोय. 26 जानेवारी 1930 आणि 2 मार्च 1930 या दोन तारखा शेजारीशेजारी ठेवून मी कधी बघितल्या नव्हत्या.

मालेगावहून

अस्सलाम आलेकुम आणि नमस्कार. आमच्याकडे 26 जानेवारीला उर्दू शाळांवर ‘यौम-ए-जम्हूरिया’ असे फलक लागतात. ‘जम्हूर’ म्हणजे लोकांचा मोठा समूह, जनता. मूळ अरबी. हा शब्द फार फिरलाय. तुर्कस्तानात 29 ऑक्टोबर 1923 ला प्रजासत्ताक जाहीर झालं, त्या सणाचं नाव ‘जुम्हुरियेत बायरामी’. केनिया 12 डिसेंबर 1963 ला स्वतंत्र झाला आणि पुढच्याच वर्षी त्याच तारखेला प्रजासत्ताक. तिथे स्वाहिलीत तो दिवस ‘जम्हुरी’. माझ्या मुलाला हे सांगितलं तर त्याला खरंच वाटेना, की आपल्या शाळेच्या फलकावरचा शब्द आफ्रिकेत सुट्टीचं नाव आहे.

तुमच्या यादीत ‘लोकशाही’ आली नाही. तिच्यातला ‘शाही’ फारसी आहे, शाहवरून. शाह म्हणजे राजा. निजामशाही, आदिलशाही, मग लोकशाही. राजा हाकलायचा तर तिथूनही हाकलावा लागेल. पण लोकशाही म्हणताना कुणाच्या मनात शाह येतो? नोकरशाही, दडपशाही, झुंडशाही… मराठीने त्या ‘शाही’चा निव्वळ प्रत्यय करून टाकला.

पंचवटीहून

अगदी बरोबर. आणि ‘रयत’ही तिथलीच. अरबीत मूळ अर्थ राखणीतला कळप. आज ‘रयतेचं राज्य’ म्हटलं की मराठी माणसाला कळप आठवत नाही, शिवाजी महाराज आठवतात. साताऱ्याकडे ‘रयत शिक्षण संस्था’ 1919 पासून ते नाव अभिमानाने मिरवतेय. शब्दाचं मूळ आणि शब्दाचा आजचा अर्थ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि वापरणाऱ्याचं मन दुसऱ्या गोष्टीवर असतं. येवल्याच्या ताईंचा मुद्दा मात्र मुळाचा नाहीच, तो आजच्या कानाचा आहे. त्यांच्या कानाला ‘प्रजा’ खुपत असेल तर त्याला माझ्या समासविग्रहाने उत्तर मिळत नाही, हे मी मान्य करते.

विषय निघालाच आहे तर आपल्या नाशिकच्या पांडवलेण्यांचं सांगते. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे, वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या 19व्या राज्यवर्षातला. त्यात आपल्या मुलाचं, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचं वर्णन करताना ती म्हणते ‘पोरजननिविसेससमसुखदुख’, म्हणजे पौरजनांच्या, नगरातल्या लोकांच्या, सुखदुःखाशी समरस झालेला. तिथे ‘प्रजा’ नाही, ‘पौरजन’ आहे. आणि दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याच्या लेखात, गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ठेव ठेवल्याचा व्यवहार ‘निगमसभे’त, म्हणजे नगरसभेत, वाचून दाखवला आणि नोंदवला, असं आहे. ती काही प्रजासत्ताकं नव्हती, राजांचीच राज्यं होती. पण नागरिकासाठीचा जुना शब्द आपल्या डोंगरात कोरलेला आहे. सावरकरांनी ‘मेयर’ला ‘महापौर’ सुचवला तो याच ‘पौर’वरून, आणि ते आपल्या भगूरचे.

सिडकोहून

थोडं बाहेरच्या देशांबद्दल. बंगालीत ‘प्रजातंत्र दिवस’ म्हणतात. बांगलादेशाच्या अधिकृत नावात तर ‘गणप्रजातंत्री’ आहे, गण आणि प्रजा दोन्ही एकत्र, भांडणच मिटलं! तमिळमध्ये ‘कुडियरसु’, कुडी म्हणजे तिथे राहणारे लोक आणि अरसु म्हणजे राज्य. कन्नडमध्ये ‘गणराज्योत्सव’. नेपाळने 28 मे 2008 ला सुमारे 240 वर्षांची राजेशाही संपवली, तिथे जेठ महिन्याच्या 15 तारखेला ‘गणतन्त्र दिवस’ असतो.

मराठीने ‘गणतंत्र’ का घेतलं नाही, याबद्दल माझा अंदाज असा की आपल्याकडे ‘तंत्र’ म्हटलं की हातोटी किंवा यंत्राचं ज्ञान आठवतं. ‘स्वातंत्र्या’त ते आहे, पण तिथे आपल्याला वेगळं दिसत नाही.

तारखांचंही एक बघण्यासारखं आहे. आपलं संविधान 26 नोव्हेंबर 1949 ला स्वीकारलं गेलं, पण अंमल दोन महिने थांबवून 26 जानेवारीला केला, 1930 ची ती प्रतिज्ञा आठवून. मॉरिशस 12 मार्च 1968 ला स्वतंत्र झाला आणि 1992 मध्ये त्याच तारखेला प्रजासत्ताक झाला. तिथेही मराठी घरं आहेत, त्यांची दोन्ही राष्ट्रीय कारणं एकाच दिवशी येतात. पाकिस्तानचं प्रजासत्ताक 23 मार्च 1956 चं, 1940 च्या लाहोर ठरावाच्या तारखेवर बसवलेलं. इटलीत उलट. 2 जून 1946 ला लोकांनी मतदान करून राजा नको म्हटलं आणि मतदानाचाच दिवस सणाचा झाला. त्या देशव्यापी मतदानात बायकांनाही मत होतं.

आणि फ्रान्सचा 14 जुलै हा प्रजासत्ताक दिन आहे असं बरेच जण लिहितात. तसं नाही. तो बॅस्टिल तुरुंगावरच्या 1789 च्या हल्ल्याचा दिवस. पहिलं फ्रेंच प्रजासत्ताक सप्टेंबर 1792 चं.

नाशिकरोडहून

सगळं छान, पण दादा, दुकानात एक तपासून घ्या. मागच्या वर्षी रविवार कारंजाजवळ मी स्वतः वाचलं : ‘प्रजासत्ताक दीन’. दीन म्हणजे गरीब, लाचार. तत्सम शब्दात उपान्त्य, म्हणजे शेवटच्या आधीच्या अक्षराचा, इकार संस्कृत मुळाप्रमाणेच, म्हणून ‘दिन’ ऱ्हस्व. ‘प्रजासत्ता दिन’ही चूक, तो ‘क’ गिळू नका. बाई म्हणाल्या तसा तो समासाचा आहे.

शालिमार, मूळ प्रश्नकर्ता

काका, ‘दीन’ माझ्या दुकानातून कधी जाणार नाही, शब्द देतो.

मुख्याध्यापिका बाईंना ही सगळी चर्चा छापून दाखवली. त्यांनी तिथेच स्टुलावर बसून पूर्ण वाचली. येवल्याच्या ताईंचं उत्तर दोनदा वाचलं. मग म्हणाल्या, वर ‘प्रजासत्ताक दिन’ असू दे, मुलांना तो ओळखीचा आहे. पण खाली शुभेच्छुकांचे फोटो नकोत, त्या जागी उद्देशिका पूर्ण घ्या, ‘आम्ही, भारताचे लोक’ आणि ‘गणराज्य’ हे दोन शब्द ठळक करा. सातवी-आठवीच्या मुलांना त्या झेंडावंदनानंतर विचारणार आहेत की एकाच बोर्डावर तीन शब्द का आहेत. जिलबी वाटायच्या आधी, म्हणजे मुलं जागेवर असतील.

बोर्ड छापून झालाय. शाई वाळली की आयलेट मारून रात्रीच पोचवतो.