परदेशी अनुदान म्हणजे संस्थांची दुकानं?

सागरगोटी:
गेल्या आठवड्यात ‘रोखठोक’ यांनी इथे लिहिलं होतं, ‘निसर्गाच्या नावाने येणारा परदेशी पैसा बंद करा, त्यातून फक्त अहवाल वाढले.’ तिथे चार ओळींत भागेना, म्हणून वेगळा धागा काढतेय.

भीमाशंकरच्या बाजूला बेहड्याची प्रचंड झाडं आहेत. त्यांच्या ढोलीत धनेशाची मादी स्वतःला लिंपून घेते आणि पिल्लं वाढवते. फळाला भाव नाही म्हणून ही झाडं लाकडासाठी जात होती. पुण्याच्या एईआरएफ या संस्थेने तिथल्या महादेव कोळी कुटुंबांसोबत या फळांना ‘फेअरवाइल्ड’ प्रमाणपत्र (रानातला माल झाडाला धक्का न लावता गोळा केल्याचं) मिळवलं आणि ब्रिटनच्या पुक्का कंपनीने ती विकत घेतली. उभ्या झाडातून पैसा येतो हे पटेपर्यंत काही वर्षं कुणाला तरी खर्च सोसावा लागतो. सरकारी योजनेत ते बसत नाही, तिथे पहिल्याच वर्षी लाभार्थ्यांची यादी मागतात.

माझं भांडण वेगळं आहे. देणाऱ्यांना दर वेळी ‘नावीन्य’ हवं असतं. माझा मामेभाऊ कासवमित्र होता, पहाटे किनारा चालायचा, घरटं सापडलं की अंडी हॅचरीत, म्हणजे किनाऱ्यावरच्या कुंपणातल्या वाळूत, आणायचा. एका संस्थेचं अनुदान ३१ मार्चला संपलं. ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं बाहेर यायला ४५ ते ५५ दिवस लागतात, म्हणजे अंडी वाळूत आणि मानधन बंद! पुढच्या अर्जाला उत्तर आलं, ‘यात नवीन काय?’ त्यांना ॲप हवं होतं. त्याला बॅटरीचे सेल हवे होते.

रोखठोक:
ताई, तुमच्या भावाचं वाईट वाटलं, पण तुम्ही माझंच म्हणणं सिद्ध केलंत. परक्याच्या पैशावर उभं केलेलं काम त्याच्या आर्थिक वर्षाबरोबर संपतं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने कासवांचं काम सुरू केलं, २००६ पासून कासव महोत्सव होतो, लोक गावकऱ्यांच्या घरी राहतात, जेवतात. ते गावाने धरलं म्हणून टिकलं.

रापणकर:
मी मालवणचा. १९८७ साली आमच्या समुद्रात अभयारण्य जाहीर झालं, तेव्हा आमका कोणी इचारला? नंतर जीईएफ-यूएनडीपीचा (जागतिक पर्यावरण निधी आणि संयुक्त राष्ट्रांचा) प्रकल्प आला. त्यातलं एक काम मी मानतो, चौकोनी आसाच्या (भोकाच्या) जाळ्याचं. नेहमीचा आस शंकरपाळ्यासारखा असतो, ट्रॉलरने ओढ घेतली की मिटतो, मग बारकी पिल्लंसुद्धा आत अडकतात. चौकोनी आस उघडा राहतो, पिल्लं सुटतात.

पण आम्ही पिल्लं सोडायची आणि मोठं गोल जाळं टाकणाऱ्या पर्ससीनवाल्यांनी अख्खा थवा उचलायचा? रात्री एलईडी लावून मासळी गोळा करतात. २०१७ मध्ये केंद्राने त्यावर बंदी घातली, तरी दिवे दिसतातच. किनाऱ्यावरून ओढायच्या आमच्या रापणीला पन्नास माणसं लागतात, दोरी ओढणाऱ्या प्रत्येकाला वाटा. पूर्वी बांगड्याने भरायची, आता रिकामी येते. यावर अनुदान द्या.

मिरकरवाडा:
सगळं खापर पर्ससीनवर फोडायची फॅशन झाली आहे. आम्ही काय बाहेरून आलो? माझ्या बोटीवर बँकेचं कर्ज आहे, खलाशी आगाऊ पैसे घेऊन चढतात. राज्याच्या २०१६ च्या आदेशाने पर्ससीनचे परवाने आणि मासेमारीचे महिने आवळले, तेव्हा हप्ते कुणी आवळले नाहीत. एलईडीवाल्यांना पकडा, मी स्वतः सोबत येतो. पण परवाना असलेल्याला चोर म्हणू नका.

रापणकर:
परवाना किती वाव खोल पाण्यातला, तेवढं सांगा. आमच्या दारात येऊन जाळं मारता ते कुठल्या परवान्यात बसतं?

मिरकरवाडा:
माझी बोट कधी तुमच्या दारात आली ते दाखवा, नाहीतर शब्द मागे घ्या.

हिशेबनीस:
पर्ससीनसाठी वेगळा धागा काढा, हात जोडतो.

मी संस्थांचे हिशेब बघतो. २०२० च्या एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) दुरुस्तीनंतर परदेशी निधी घेतलेल्या संस्थेला तो दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली. पूर्वी मोठी संस्था दिल्लीत अनुदान घ्यायची आणि गावातल्या छोट्या मंडळाला वाटा द्यायची. ती वाट बंद झाली. रोखठोक, दुकानं बंद व्हावीत म्हणून केलेल्या नियमाने टपऱ्या गेल्या, मोठी दुकानं चालूच आहेत.

रोखठोक:
मोठ्या संस्थांनी आधी हिशेब नीट दिले असते तर ही वेळ आली नसती.

सागरगोटी:
मोठ्यांनी हिशेब दिले नाहीत म्हणून छोट्यांनी उपाशी राहायचं? वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचत गटाच्या बायका स्वतः होडी वल्हवून कांदळवन दाखवतात. ते जीईएफच्याच प्रकल्पातून सुरू झालं. त्यांना जाऊन सांगा, परदेशी पैसा नको होता म्हणून.

रोखठोक:
बरं, त्या बायकांचं काम मान्य. पण खरं नावीन्य कुठे झालं बघा. जाळ्यात कासव किंवा बहिरी मासा (व्हेल शार्क) अडकला आणि मच्छीमाराने जाळं कापून सोडला, तर २५ हजारांपर्यंत भरपाई. २०१८ च्या डिसेंबरपासून राज्य देतं. ना ॲप, ना परिषद. परदेशी अनुदानाला माझी हरकत राहणार नाही, फक्त तीन वर्षांनी ते काम राज्य उचलणार अशी लेखी हमी आधी हवी.

सागरगोटी:
त्या हमीत मानधन ‘हंगाम संपेपर्यंत’ असं लिहा, ‘मार्चअखेर’ नको. मग मीही सही करते.

रापणकर:
लेखी हमी! एलईडीची बंदीपण लेखीच हा. आधी गस्तीच्या बोटीत डिझेल घाला.