नाटकाचा ‘आश्रयदाता’ की ‘वाली’?

तापीकाठ: आमच्याकडचे एक ज्येष्ठ वकील, माजी नगराध्यक्ष, वारले. गावातल्या हौशी नाटकवाल्यांना त्यांनी जन्मभर सांभाळलं. घरच्यांचा इंग्रजी मजकूर स्मरणिकेसाठी मराठीत करताना ‘पेट्रन’पाशी अडलोय. ‘आश्रयदाता’ लिहिलं, ते त्यांच्या मुलीने खोडलं. म्हणाली, नाटकवाले काय आमच्या आश्रयाला होते?

गिरणामाय: तिचं खरं आहे. आश्रय संस्थानिकाने द्यावा. विष्णुदास भाव्यांना सांगलीकर पटवर्धनांनी दिला, तो राजाश्रय. इथे ‘पाठीराखा’ लिहा.

शब्दवेडा: पाठीराखा निवडणुकीतल्या उमेदवाराला असतो.

बोरीकाठ: आमच्या गावीही असे वकीलसाहेब होते. खाली अशील बसलेले, वर माडीवर तालीम. पडदे, रंगपेटी, सगळं त्यांच्याच घरी. पालिकेचं सभागृह नाटकाला बिनभाड्याने द्यायचं तर रीतसर ठराव करून घेत. उद्या खुर्चीवर दुसरा आला तरी प्रयोग अडायला नको. माझी आजी अहिराणीत म्हणायची, ‘नाटकवालासना त्या वाली व्हतात.’ याहून नेमका शब्द मला माहीत नाही.

शब्दवेडा: ‘वाली’ अरबी आहे. स्मरणिकेत ‘पोशिंदा’ घ्या.

गिरणामाय: ‘पोशिंदा’तला ‘इंदा’ तरी कुठला? ‘बाशिंदा’, ‘कारिंदा’ आठवा. आणि ‘वकील’सुद्धा अरबीच, तो कसा काढणार? माझी हरकत वेगळी आहे. ‘कोणी वाली उरला नाही’ असं आपण म्हणतो. होता तेव्हा मात्र हा शब्द क्वचित ओठांवर येतो.

बोरीकाठ: तुमच्याकडे येत नसेल. आमच्याकडे येतो.

शब्दवेडा: 1905 सालच्या पहिल्या नाट्यसंमेलनाचे अध्यक्ष दादासाहेब खापर्डे. अमरावतीचे वकील, लोकपुढारी. नाटकाशी असं नातं असलेल्या माणसाला साधं ‘नाट्यप्रेमी’ म्हटलं तर काय बिघडतं?

बोरीकाठ: फार बिघडतं. नाट्यप्रेमी तिकीट काढून घरी जातो. हा माणूस प्रयोग पडला तरी पुढच्या वर्षी माडी उघडी ठेवतो.

डफवाला: एक विचारतो. या वकीलसाहेबांच्या माडीवर वहीवाले, म्हणजे आमच्याकडच्या ‘वही’ या लोककलेचे कलावंत, कधी चढले का? खानदेशात गावोगाव जे उभं राहिलं ते वहीतून. डफ, गाणं, सोंगं, सगळं तिच्यात आहे. तिला नाटक धरत नसाल तर स्मरणिकेत ‘खानदेशी रंगभूमी’ असं लिहू नका.

तापीकाठ: मूळ मजकुरात ‘लोकल थिएटर’ आहे.

डफवाला: मग आधी त्याचं मराठी ठरवा.

गिरणामाय: वही हे विधीगायन आहे, नाटक नव्हे.

डफवाला: सोंग घेतलं की नाटकच, ताई. आमच्या वडिलांनी रात्ररात्र ते केलंय.