मदत हवी आहे: मुस्लिम विद्यार्थ्यांची मदतनिधीसाठी वेल्समध्ये डोंगरचढाई (मार्ग, नमाजाच्या वेळा, हिशेब)

नमस्कार.

मी मूळची महाडची असून सध्या मँचेस्टरमध्ये संशोधन करते. ब्रिटनमधील बहुतेक विद्यापीठांत मुस्लिम विद्यार्थ्यांची ‘इस्लामिक सोसायटी’ असते आणि शरद ऋतूत ही मंडळे अनाथ व गरजू मुलांसाठी निधी जमवतात. इस्लामिक रिलीफ या मदतसंस्थेच्या साहाय्याने विद्यार्थीच चालवतात तो ‘चॅरिटी वीक’ त्यातला सर्वांत परिचित उपक्रम आहे. केकविक्री, जेवणावळी आणि लिलाव दरवर्षी होतातच. यंदा आमच्या समितीने सामूहिक डोंगरचढाई ठरवली असून, मी कोकणातली आणि रायगड पायी चढलेली एवढ्याच भांडवलावर तिचे आयोजन माझ्याकडे सोपवले आहे. या मंचावर सह्याद्रीत वर्षानुवर्षे माणसे नेणारे आणि ब्रिटनमध्ये स्थायिक झालेले असे दोन्ही प्रकारचे जाणकार असल्यामुळे सविस्तर लिहून विचारत आहे.

पहिला वाद डोंगर कोणता यावरच आहे. समितीतील तरुण मंडळींना ‘थ्री पीक्स’ हवे आहे, म्हणजे स्कॉटलंडचा बेन नेव्हिस (१३४५ मीटर), इंग्लंडचा स्काफेल पाइक (९७८ मीटर) आणि वेल्सचा स्नोडन (१०८५ मीटर) ही तिन्ही शिखरे चोवीस तासांत. हे नाव ऐकताच देणगीदाराचा हात खिशाकडे जातो, हे त्यांचे म्हणणे खोटे नाही. परंतु त्या चोवीस तासांतला मोठा वाटा गाडीत जातो, एक शिखर बहुधा अंधारात करावे लागते, स्काफेलच्या पायथ्याशी मध्यरात्री येऊन दारे आपटणाऱ्या गटांना तिथले रहिवासी कंटाळलेले आहेत, आणि झोप न झालेल्या विद्यार्थ्याच्या हाती गाडी देण्याची कल्पना मला डोंगरापेक्षा अधिक भीतिदायक वाटते. शिवाय आमच्यात निम्म्याहून अधिक मुले-मुली नुकत्याच भारत, नायजेरिया आणि मलेशियाहून आलेल्या आहेत. त्यांच्यापैकी अनेकांकडे पावसाळी जाकीट सोडाच, घोट्यापर्यंतचे बूटही नाहीत.

म्हणून माझा आग्रह आहे की एकच डोंगर, तोही दिवसाउजेडी करावा: स्नोडन, ज्याला आता राष्ट्रीय उद्यानही त्याच्या वेल्श नावाने, अर विद्वा असे म्हणते. मार्ग लानबेरिस गावातून जाणारा, जाऊन-येऊन साडेचौदा किलोमीटरच्या आसपास. हा सर्वांत लांब असला तरी चढ सर्वांत सौम्य आहे. पेन-इ-पासहून निघणारे पिग आणि मायनर्स हे मार्ग अधिक देखणे आहेत असे सगळेच सांगतात, पण तिथे वाहनतळ आधी आरक्षित करावा लागतो आणि पिगच्या वाटेवरून चुकून क्रिब गॉखच्या धारेकडे वळलेल्या लोकांच्या बातम्या मी पुरेशा वाचल्या आहेत.

खरी अडचण वेळेची आहे. शुक्रवारी जुम्मा असल्याने दिवस शनिवारच ठरतो, प्रश्न कोणत्या शनिवारचा एवढाच आहे. ऑक्टोबरच्या मध्यास तिथे जुहरची (दुपारच्या नमाजाची) वेळ दुपारी एकच्या सुमारास सुरू होते आणि सूर्यास्त साधारण साडेसहाला होतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास मागे जातात आणि त्यानंतरच्या शनिवारी मगरिब (सूर्यास्ताची नमाज) पावणेपाचलाच येऊन ठेपते. समितीला निधी-सप्ताहाचा समारोप म्हणून तो नंतरचा शनिवार हवा आहे, मला ऑक्टोबरच्या मध्यातला हवा आहे. त्यात आणखी एक पेच आहे. आम्ही कोकणी शाफई, तर समितीतील बहुसंख्य मंडळी पाकिस्तानी आणि गुजराती कुटुंबांतली, हनफी, म्हणजे इस्लामी धर्मनियमांच्या दोन वेगळ्या परंपरांचे. ऑक्टोबरच्या मध्यास आमची असर (तिसऱ्या प्रहराची नमाज) चारच्या आधीच सुरू होते, त्यांची साडेचारनंतर. प्रवासात आम्ही जुहर आणि असर एकत्र पढू शकतो, ते तसे करत नाहीत. पन्नासेक माणसे डोंगरावर एकाच वेळी कुठे आणि केव्हा थांबवावीत, हे मला अद्याप सुटलेले नाही.

मुलींचा प्रश्न वेगळा आहे. अनेकींच्या घरून मुक्कामाची परवानगी मिळणार नाही, त्यामुळे पहाटे निघून रात्री परतणे भाग आहे. काही जणी जिलबाब, म्हणजे सैल पायघोळ झगा, घालूनच येऊ इच्छितात. शिखराजवळच्या वाऱ्यात ते कसे सावरायचे, याचा अनुभव कोणाला असल्यास अवश्य लिहावे.

शेवटचा मुद्दा पैशांचा. बसचे भाडे देणगीतून काढावे असे काहींचे मत आहे. काही देणगीदार तर आपली जकातच, म्हणजे धर्माने बंधनकारक केलेले दान, या उपक्रमाला देणार आहेत, आणि मला ते पैसे बसच्या भाड्यात जाताना पाहवणार नाहीत. सोडत काढून चार पैसे अधिक जमवावेत, ही सूचना मात्र जुगाराच्या कारणावरून आम्ही आधीच बाजूला ठेवली आहे.

आपल्या सूचनांची वाट पाहते.

प्रतिसाद: डोंगरवाट

ताई, तुमचा आग्रह योग्य आहे, तो सोडू नका. आपल्याकडची मंडळी येथे एका हिशेबात चुकतात. कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे बेन नेव्हिसहूनही उंच, तेव्हा स्नोडन म्हणजे काय, असे त्यांना वाटते. परंतु येथे उंचीपेक्षा अक्षांश आणि समुद्रावरून येणारा वारा महत्त्वाचा असतो. पायथ्याशी अंगावर एक सदरा पुरतो आणि वर बोटे वाकत नाहीत, असे ऑक्टोबरमध्ये सहज घडते. म्हणून सुती कपडे आणि जीन्स यांना बसमध्येच मज्जाव करावा. भिजलेली जीन्स वाळत नाही आणि अंगातली ऊब शोषून घेते. जिलबाबबाबत माझ्या गटातील मुलींनी काढलेला मार्ग असा की सैल पँट, त्यावर गुडघ्यापर्यंतचा जलरोधक कोट, आणि टाचण्यांच्या ओढणीऐवजी खेळाडू वापरतात तसा डोक्यावरून घालायचा हिजाब. पायात अडकणारे कापड उतारावर धोक्याचे असते, हे मुलींना मुलीनेच सांगितलेले बरे.

लानबेरिसचा मार्ग डोंगरी रेल्वेच्या कडेकडेने जातो, त्यामुळे चढताना चुकणे अवघड आहे. चुकतात ते उतरताना. शिखराखाली बूल्ख ग्लास नावाच्या खिंडीत पिग आणि मायनर्सच्या वाटा येऊन मिळतात. तिथे खूण म्हणून उभा दगड आहे. धुक्यात गप्पांच्या नादात तिथे उजवीकडे वळलेला गट पेन-इ-पासच्या बाजूला उतरतो आणि बस लानबेरिसला वाट पाहत राहते. त्या दगडापाशी तुमचा एक जबाबदार माणूस शेवटचा विद्यार्थी जाईपर्यंत उभा ठेवा. ऑर्डनन्स सर्व्हेचा ओएल १७ नकाशा आणि होकायंत्र प्रत्येक तुकडीत असावे, आणि ते वाचता येणारा माणूसही असावा.

पन्नास जणांचा एक गट करू नका. दहा-दहांच्या पाच तुकड्या करा आणि प्रत्येकीसोबत माउंटन लीडर ही पात्रता असलेला एक मार्गदर्शक घ्या. तो खर्च टाळण्यासारखा नाही. मुलींच्या तुकड्यांसाठी महिला मार्गदर्शक मागितल्यास मिळतात, पण त्यासाठी आधीपासून शोध घ्यावा लागतो. विद्यार्थी संघाकडे सहलीची नोंद आणि धोक्यांचे मूल्यमापन लेखी दिल्याशिवाय विद्यापीठाचा विमा लागू होईल असे गृहीत धरू नका. राष्ट्रीय उद्यानाच्या प्राधिकरणालाही तारीख कळवून ठेवा. एवढ्या मोठ्या दोन संस्था एकाच शनिवारी आल्या, तर वाटेवर जत्रा भरते.

परत फिरण्याची वेळ आधी ठरवा आणि ती सर्वांना बसमध्येच सांगा. साडेनऊला निघालात तर दुपारी दीड ही मर्यादा ठेवा. जिथे असाल तिथून खाली, शिखर शंभर पावलांवर असले तरी. देणगी शिखरासाठी दिली असे कोणी म्हणू लागले तर तो दबाव मार्गदर्शकावर येऊ देऊ नका. अपघात झालाच तर ९९९ वर आधी पोलीस मागायचे आणि त्यांच्याकडून माउंटन रेस्क्यू. ती सर्व स्वयंसेवक मंडळी असतात, मोबदला घेत नाहीत.

प्रतिसाद: यॉर्कशायरचा पाहुणा

यॉर्कशायर थ्री पीक्सचा विचार का करत नाही? पेन-इ-गेंट, व्हर्नसाइड आणि इंगलबरो एकाच फेरीत होतात, गाडीचा प्रवास मध्ये नाही, आणि समितीला हवे असलेले ‘थ्री पीक्स’ हे नावही मिळते.

प्रतिसाद: डोंगरवाट

ती फेरी एकोणचाळीस किलोमीटरच्या घरात जाते आणि ती बारा तासांत करण्याची प्रथा आहे. ऑक्टोबरमध्ये, पहिल्यांदाच डोंगर पाहणाऱ्या मुलांना घेऊन? जूनमध्ये अवश्य जावे.

प्रतिसाद: ब्लॅकबर्नचे चाचा

बेटी, अस्सलामु अलैकुम. आमच्या मशिदीतील तरुणांना घेऊन मी या डोंगरावर गेलेलो आहे, म्हणून नमाजापुरते सांगतो. मँचेस्टरहून लानबेरिस दीडशे किलोमीटरहून अधिक पडते, म्हणजे तुम्ही सर्वजण मुसाफिर. म्हणून जुहर आणि असर चारऐवजी दोन-दोनच रकात, म्हणजे आवर्तने. फजर (पहाटेची नमाज) विद्यापीठाच्या नमाजखोलीत जमातीने, म्हणजे सर्वांनी एकत्र, पढून बसमध्ये बसा. लानबेरिसला उतरल्यावर सार्वजनिक स्वच्छतागृहात सर्वांनी वजू (नमाजापूर्वी हात-तोंड-पाय धुणे) करून मगच मोजे आणि घोट्यावरचे बूट चढवावेत. पुढे वजू तुटला तरी बुटांवर मसह करता येते, म्हणजे नुसता ओला हात फिरवता येतो, थंडीत पाय उघडे करावे लागत नाहीत आणि अर्ध्या बाटली पाण्यात काम भागते. ज्यांना याबाबत शंका असेल त्यांनी आपापल्या इमामांना आधीच विचारून घ्यावे, डोंगरावर मसल्यांची (धर्मनियमांच्या प्रश्नांची) चर्चा नको.

जुहर शिखरावर पढण्याचा मोह टाळा. तिथे फोटोसाठी रांग असते, वारा असतो, आणि तुमची जमात लोकांच्या वाटेत येते. उतरताना वाटेच्या बाजूला सपाट गवताची जागा पाहून प्रत्येक तुकडीने आपली वेगळी जमात करावी, पाच मिनिटांत होते. किबला (मक्केची दिशा) तिथून आग्नेयेला. असर सर्वांनीच खाली गावात पढावी. शाफई थोडे थांबतील, हनफींची वेळ झालेली असेल, आणि सूर्यास्ताला दीड तासाहून अधिक वेळ शिल्लक असेल. हे गणित फक्त तुझ्या मधल्या शनिवारी जमते, घड्याळे बदलल्यानंतरच्या शनिवारी नाही. समितीला एवढेच दाखव.

प्रतिसाद: जमाखर्च

पैशांबाबत माझे मत ठाम आहे: प्रवासखर्च सहभाग-शुल्कातून, देणगी पूर्णपणे संस्थेला. याला धार्मिक कारण तर आहेच, कारण जकातीचे हक्कदार कुरआनात आठ वर्गांत नेमून दिलेले आहेत आणि सहलीची बस त्यांत बसत नाही. पण कराचेही कारण आहे. येथील करदात्याने ‘गिफ्ट एड’ची घोषणा भरली की प्रत्येक पौंडामागे संस्थेला सरकारकडून आणखी पंचवीस पेन्स मिळतात. सहभागी व्यक्तीचा खर्च देणगीतून भागवला गेला, तर तिच्या स्वतःच्या आणि जवळच्या नातलगांच्या देणगीवर ही सवलत मिळण्यात अडथळा येऊ शकतो. सहभाग-शुल्क ही देणगी नव्हे, त्यावर गिफ्ट एड मागू नये.

जकात आणि सदका (ऐच्छिक दान) यांसाठी देणगीच्या पानावर वेगळे पर्याय ठेवा आणि संस्थेकडून तिच्या नावाने निधी जमवण्याचे लेखी अनुमतिपत्र घ्या. कोणाच्याही वैयक्तिक खात्यात एक पौंडही येऊ देऊ नका, मग तो खजिनदार कितीही सज्जन असो. बस ठरवताना दिवसभराचे वेळापत्रक कंपनीला लेखी द्या. चालकाच्या कामाच्या तासांवर कायद्याची मर्यादा असते, आणि दोन तास उशीर झाला तर दुसरा चालक लागू शकतो.

छायाचित्रांबद्दलही एक सुचवतो. २०२१ च्या नाताळच्या दिवशी मुस्लिम हायकर्स या गटाची पीक डिस्ट्रिक्टमध्ये मोठी पदभ्रमंती झाली आणि तिच्या छायाचित्रांखाली समाजमाध्यमांवर वंशद्वेषी शेरे आले होते. तुमच्या मुलींची छायाचित्रे त्यांची संमती घेतल्याशिवाय आणि कोणी शेरे तपासणारा नेमल्याशिवाय प्रसिद्ध करू नयेत.

धागाकर्ती

सर्वांचे मनःपूर्वक आभार. चाचांचे असरचे गणित आणि डोंगरवाट यांचा दीडचा नियम एका कागदावर मांडून समितीपुढे ठेवला. थ्री पीक्सचा हट्ट सुटला आहे आणि मधल्या शनिवारवर एकमत झाले आहे. निधी-सप्ताह त्यानंतर येत असल्याने चढाईने त्याची सुरुवात होईल, हा युक्तिवाद आश्चर्य वाटावे इतक्या लवकर पटला. शुल्क आणि देणगी यांचे पान वेगळे करत आहोत. बूट आणि जाकिटे विद्यापीठाच्या गिर्यारोहण मंडळाकडून उसनी मिळतील असे दिसते.

आता एकच गोष्ट उरली आहे. शिखरावर वारा ताशी चाळीस मैलांच्या पुढे जाणार असा अंदाज आदल्या दिवशी आला, तर चढाई रद्द करायची, पण बस आणि दिवस वाया घालवायचा नाही, असे ठरवले आहे. त्यासाठी पर्याय म्हणून लानबेरिसच्याच लिन पदार्न तलावाभोवतीची, सुमारे आठ किलोमीटरची सखल वाट पाहून ठेवली आहे, आणि देणगीच्या पानावरही ‘हवामान प्रतिकूल असल्यास मार्ग बदलेल, देणगी परत होणार नाही’ असे आधीच लिहीत आहोत. त्या वाटेवर पावसात पन्नासेक माणसांना जुहरसाठी टप्प्याटप्प्याने थांबता येईल अशी आडोशाची जागा कोणाच्या पाहण्यात असल्यास, आणि त्या शनिवारी मोकळी असलेली महिला माउंटन लीडर कोणाच्या परिचयाची असल्यास, कृपया व्यक्तिगत निरोपातून कळवावे.