क्रोन्समध्ये जोडावरचं स्ट्रिक्चर: फुगा की शस्त्रक्रिया?

प्रश्न: मला क्रोन्स (आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारा आजार) आहे. शस्त्रक्रियेत लहान-मोठं आतडं जिथे जोडलं, त्या जोडावर ३ सेंमी स्ट्रिक्चर (आतडं अरुंद झालेला भाग) आहे. स्कोप (आत पाहण्याची कॅमेऱ्याची नळी) पुढे जात नाही, जेवल्यावर पोट फुगून कळा येतात. आतून फुगा फुगवून तो भाग रुंद करणं चालेल का?

उत्तर १: जोडावरचं, सरळ आणि ५ सेंमीच्या आतलं स्ट्रिक्चर फुग्याला चांगली दाद देतं. पण आधी एमआर एन्टेरोग्राफी (आतड्याचा एमआरआय) हवीच. तिथे पू किंवा फिस्टुला (आतड्यातून दुसरीकडे उघडणारा असामान्य मार्ग) दिसला तर फुगा नको. फक्त सूज असेल तर आधी औषधं.

फुगा स्कोपमधूनच, शक्यतो गाइडवायरवरून (वाट दाखवणाऱ्या बारीक तारेवरून) आत सरकवतात. त्याचा मध्य अरुंद भागावर आणून पाण्याने फुगवतात, हवेने नाही. १२ मिमीपासून टप्प्याटप्प्याने १५, मग १८. प्रत्येक टप्प्यावर साधारण १ मिनिट. फुग्याच्या पारदर्शक भिंतीतून आतडं पांढरं पडताना दिसतं. खोल चीर दिसली की तिथेच थांबा. १८ गाठायचा हट्ट जिवावर बेतू शकतो.

उत्तर २: एक भर. आतडं फाटण्याचा किंवा मोठा रक्तस्राव होण्याचा धोका दर वेळी साधारण २ ते ३ टक्के असतो, म्हणून सर्जन हाताशी हवा. नंतर वाढती पोटदुखी, ताप, पोट कडक होणं यांपैकी काहीही झालं तर 'गॅस असेल' म्हणत घरी बसू नका. लगेच सीटी.

उत्तर ३: रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या डॉक्टरांना आधी सांगा, स्वतःहून बंद करू नका. अनेकांना एक-दोन वर्षांत पुन्हा फुगा लागतो. मोठ्या आतड्यातल्या स्ट्रिक्चरची बायोप्सी मात्र चुकवू नका, तिथे कर्करोग लपलेला असू शकतो.